बैल जन्माला येत नाही

गावात मला डाक्टर म्हणतात. मी डाक्टर नाही. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे, आणि नोकरीच्या सव्वीस वर्षांत माझी मुख्य कामं दोनच राहिली: गाईला सुई लावायची आणि गोऱ्ह्याला चिमटा. सुई म्हणजे कृत्रिम रेतन, नायट्रोजनच्या डब्यातली वीर्याची कांडी. चिमटा म्हणजे खच्ची करणं. माझ्या हातानं किती वासरं जन्माला आली आणि किती यायची राहिली, याचा विचार मी कधी केला नाही. रोज ते काम करणारा माणूस असा विचार करत बसत नाही.

आठ वर्षांपूर्वी मी एका जनावराला चोरून चिमटा लावला. ते जनावर माझ्या बापाच्या नावानं देवाला सोडलेलं होतं.

हे वाक्य कागदावर सोडा, तोंडातही यंदापर्यंत कधी आलं नव्हतं. मी मुळात कमी बोलणारा. दवाखान्यात लोक म्हणतात, याच्यापेक्षा म्हैस जास्त बोलते. पण आता सांगायचंच ठरवलं आहे तर आधी एक स्पष्ट करतो. चिमटा लावल्याचा मला पश्चात्ताप नाही. तसाच प्रसंग आला तर पुन्हा लावीन. माझ्या छातीवर जे बसलं आहे ते दुसरंच आहे, आणि त्यासाठी बापापासून सुरुवात करावी लागेल.

बाबा गोऱ्हे ठेचायचे. चिमटा आमच्या भागात यायच्या आधी गोऱ्ह्याला आडवा पाडत, पाय बांधत, आणि खाली दगड, वर लाकडी मोगरी, असं ठेचून त्याचा बैल करत. बाबांचा हात त्यात बसलेला. कामरगावच्या अलीकडच्या चार-पाच गावांतून त्यांना बोलावणं यायचं. मारुतीच्या पारासमोर, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत हे चालायचं. चौघं धरणारे, दहा बघणारे, आणि बाबा कपाळाचा घाम बाहीला पुसत बसलेले. मग तेल-हळद. महिना-दोन महिन्यांनी तोच गोऱ्हा खाली मान घालून जुवाला जायचा.

हेच बाबा माझ्या डब्याला घरात येऊ देत नव्हते. मी नोकरीला लागलो तेव्हा नायट्रोजनचा डबा मोटारसायकलला बांधून घरी आणायचो. झाकण उघडलं की पांढरा धूर निघायचा. बाबा ओसरीवरून म्हणायचे, "बाप कुठं डब्यातून येते का रे? त्या वासराले इचारलं तुहा बाप कोन, तर ते काय डब्याकडं तोंड करन?"

"आन् तुमी ठेचता ते?"

"ते वाडवडलापासून हाय. ते निसर्गाचं हाय."

"दगड निसर्गाचा, मोगरी निसर्गाची, आन् डबा तेवढा माहा?"

"तुहा नाही, सरकारचा," असं म्हणून ते हसायचे आणि डबा अंगणाबाहेर ठेवायला लावायचे. ते असेपर्यंत आमच्या गोठ्यातल्या एकाही गाईला मी सुई लावू शकलो नाही. गावभर लावत फिरायचो, घरी मात्र हात बांधलेले.

बाबा गेल्याला बारा वर्षं झाली. तेराव्याला त्यांच्या नावानं गोऱ्हा सोडला. गोठ्यातलाच, दीड वर्षांचा, पांढरा. मायनं निवडला. मांडीवर त्रिशूळाचा डाग दिला, गळ्यातलं दावं काढलं, आणि तो गावाचा झाला. अशा गोऱ्ह्याला जुवाला लावायचं नाही, मारायचं नाही, कोणाच्या वावरात शिरला तर हाकलायचं तेही हात जोडून. त्याला खच्ची करण्याची गोष्ट तर कोणाच्या मनातही येत नाही. देवाचा सांड म्हणून तो वाढतो.

माय त्याच्यासाठी रोज एक भाकर जास्त टाकायची. सकाळी तो दाराशी यायचा आणि ती त्याच्याशी, जशी बाबांशी बोलायची तशीच, मान राखून बोलायची. "काल कोनाच्या तुरीत होते? लोक शिव्या देऊन राह्यले तुमच्या नावानं." सून हसायची. मायही हसायची. पण भाकर देताना डोक्यावरचा पदर मात्र नीट करायची.

त्याच वर्षी तिनं मला आपणहून म्हटलं, "आन तुहा डबा. घरात दूध पायजे." मी सुई लावली. काळी-पांढरी कालवड झाली, दुधाला चांगली निघाली. ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल, कारण पुढं सगळं या डब्यावरच आलं.

चौथ्या वर्षी गावातल्या गाई गाभडायला लागल्या. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गर्भ पडायचा. शेजारचा माझा शाळेपासूनचा सोबती, त्याच्या दोन्ही गाई सहा महिन्यांत गाभडल्या, त्यातली एक दुसऱ्यांदा. सुईच्या गाई बऱ्या होत्या. ज्या सांडाकडून भरल्या त्याच गाभडत होत्या. मी आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "सांडाकडून पसरणारा आजार असू शकतो. नमुना घ्या, तोवर वेगळा बांधा. बांधता येत नसेल तर खच्ची करा."

पानठेल्यावर मी एकदा, एकदाच, विषय काढून पाहिला.

"देवाच्या सांडाले रोग?" एकजण म्हणाला. "डाक्टर, तुमच्या सुया खपत नाहीत म्हनून का?"

सगळे हसले. सोबतीही हसला. मी पान घेतलं आणि निघालो. इथंच थांबून ओरडायला हवं होतं, पण तो माझा स्वभाव नाही. मी मनातल्या मनात ठरवलं आणि गप्प बसलो.

पावसाळ्याच्या शेवटी सांडाच्या मागच्या मांडीला काटेरी तारेची जखम झाली, किडे पडले. कोणाला जवळ येऊ देईना. माय म्हणाली, मी आणते. ग्रामपंचायतीच्या मागं जनावरं अडकवायचा लोखंडी खोडा आहे. भाकर दाखवत दाखवत ती त्याला खोड्यात घेऊन आली. मी मागून दांडा टाकला. ती पुढं उभी राहिली, त्याच्या शिंगांच्या मधे तळहात ठेवून.

जखम धुतली, किडे काढले, औषध भरलं. मग पिशवीतून चिमटा काढला.

चिमट्यानं रक्त येत नाही. कातडी फाटत नाही, आतली शीर तेवढी दबते. पाहणाऱ्याला कळतही नाही. सांडानं मात्र असा हंबरडा फोडला की खोड्याचे पाईप वाजले. माय घाबरली नाही. त्याच्या कपाळावर हात फिरवत म्हणाली, "थांबा जरासे. आपलाच लेक हाय, दुसरं कोनी नाही."

"औषध झोंबलं," मी मागून म्हणालो. आणि दुसऱ्या बाजूला चिमटा लावला.

मला जे खुपतं ते हे आहे. तिचा हात त्याच्या कपाळावर होता, आणि तिच्या त्या हाताचा मी उपयोग करून घेतला.

वर्षभरात सांड बदलला. मान उतरली, डुरकणं गेलं, पोट सुटलं. गाईंच्या मागं जायचा तो पाराखाली बसून रवंथ करू लागला. गाई गाभडायच्या थांबल्या. गावात दुसरा सांड नव्हता, म्हणून लोक सुईसाठी माझ्याकडं येऊ लागले आणि नोकरीत पहिल्यांदाच माझं टार्गेट पूर्ण झालं. बैठकीत माझं कौतुक झालं. मी ते ऐकून घेतलं, हेही इथं लिहून ठेवतो.

माय रोज त्याच्याकडं बघायची. एक दिवस मला म्हणाली, "तुह्या बापाले राग आला. जित्तेपनी त्यायनं डबा घरात येऊ देला नाही, आन् ते गेल्यावर म्या आनला. म्हनून त्यायनं ह्याच्यातलं पानी काढून घेतलं."

"तसं काही नसते, माय."

"मंग कायच्यानं झालं? तुले तर कयते जनावराचं. सांग."

मी म्हणालो, "नाही कळत."

त्या सोमवारपासून तिनं निर्जळ उपास धरला. दर सोमवारी दिवसभर पाण्याचा थेंब नाही. सत्तरीची बाई. दोनदा अंगणात चक्कर येऊन पडली. एकदा कोपर मोडलं. मी प्लास्टर करून आणलं, गोळ्या आणल्या, डॉक्टरांकडून रागवून घेतलं, सगळं केलं. जे एक वाक्य बोलायचं होतं तेवढं बोललो नाही. आठ वर्षं.

यंदा पोळ्याच्या आठ दिवस आधी गावात एक कार्यक्रम झाला. शहरातून एक गृहस्थ आले होते, नैसर्गिक शेतीवर बोलायला. माणूस सज्जन होता. मारुतीच्या सभामंडपात सतरंज्या टाकल्या, बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. त्यांनी मातीचं सांगितलं, शेणखताचं सांगितलं, ते सगळं बरोबर होतं. मग म्हणाले, "माणसानं निसर्गात ढवळाढवळ करू नये. निसर्गावर ताबा मिळवायचा हा हट्टच अनैसर्गिक आहे. गाईला सुई लावून गाभण करणं हा त्या मुक्या जिवावर अन्याय आहे."

लोकांनी माझ्याकडं पाहिलं. माझा सोबती उठला. "खरं हाय साहेब. आमच्या गावात देवाचा सांड होता, वाघासारखा. गावात सुया आल्या आन् तो नासला. ह्या डाक्टरच्याच घरचा होता. इचारा त्याच्या मायले."

मायनं मान खाली घातली. सगळ्या बायांच्या मधे बसून ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती.

मी उठलो. सभेत बोलायला मी आयुष्यात पहिल्यांदा उठलो.

"साहेब, एक इचारू? बैल कोनाच्या पोटी जन्मते?"

"म्हणजे? गाईच्या."

"कोनती गाय बैल व्याली आजवर? गाय गोऱ्हा देते. बैल आमी करतो. दगडानं ठेचून, नाहीतर चिमट्यानं. तुमी पोयाले थांबा, पुरनपोळी खा. त्या दिवशी आमी ज्याच्या पाया पडतो ना, तो मानसाच्या हातानं झालेला हाय. निसर्गात बैल नावाचं जनावरच नाही."

"डाक्टर, पगार चालू हाय म्हनून बोलून राह्यले!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"हाय ना पगार," मी म्हणालो. "वारूळ मुंगीनं बांधलं तर निसर्ग, आन् घर आपन बांधलं तर ढवळाढवळ? सुगरणीचा खोपा निसर्ग, आन् बाजेच्या सुतळीचा पीळ निसर्ग नाही? आपन काय वरून पडलो? ज्या मातीतून मुंगी आली त्याच मातीतून आपन आलो. आपले हात बी निसर्गानंच देले. त्या हातानं दगड उचलला तो बी निसर्ग, चिमटा उचलला तो बी."

मला थांबता येईना. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. ज्वारीचं सांगितलं, की रानातल्या गवताचं कणीस निवडून निवडून आपल्याच आज्या-पणज्यांनी ते जाड केलं. सोयाबीनचं सांगितलं, की बाबांच्या लहानपणी हे पीक आमच्या शिवारात कोणी पाहिलं नव्हतं, आणि आज रिसोडच्या बाजारात त्याच्याशिवाय दुसरं दिसत नाही. गृहस्थ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं मला पटतं काही अंशी. पण दगडापासून डब्यापर्यंत कुठंतरी थांबायला हवं ना?"

"कुठं?"

"जिथं नुकसान दिसतं तिथं."

हे उत्तर चांगलं होतं. मला ते कबूल करावं लागलं. मी म्हणालो, "मंग नुकसानीचं बोला साहेब, कोनाचं झालं, कोनी केलं. निसर्गाचं नाव काहून घेता? त्याले काय इचारता येते?"

टाळ्या पडल्या नाहीत, पण कोणी हसलंही नाही. मी खाली बसलो. आणि बसल्या बसल्या मला माझंच बोलणं ऐकू आलं. कोणाचं झालं, कोणी केलं.

आजही मी त्या सभेतल्या एका शब्दावरूनही मागं हटत नाही. यंत्र, औषध, सुई, चिमटा हे सगळं माणसाचं आहे म्हणूनच निसर्गाचं आहे. पण त्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. मी जे केलं ते नैसर्गिक होतं, एवढ्यानं मी सुटत नाही. लांडगाही नैसर्गिक असतो. त्याला मायला काही सांगावं लागत नाही.

घरी आलो. माय ओसरीवर सूप घेऊन मूग निवडत होती. म्हणाली, "बरा बोलला आज. तुह्या बापानं ऐकलं असतं तर भांडले असते, पन ऐकलं असतं. फक्त त्या सांडाचं... ते माह्याच हातानं झालं, त्याले कोनी काय करन?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. "माय, तुह्या हातानं नाही झालं. म्या त्याले चिमटा लावला."

सूप थांबलं.

"कवा?"

"मांडीले किडे पडले होते तवा. गाई गाभडून राह्यल्या होत्या. मले वाटलं त्याच्यापासूनच."

"म्या धरला होता तवा?"

"हो."

तिनं हातातले मूग सुपात टाकले. मग म्हणाली, "दुखलं त्याले?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. "लय दुखलं. बधीर करायचं औषध पेटीत होतं. म्या लावलं नाही. त्याची सुई भरली असती तर तू इचारलं असतं, कायची म्हनून."

तिनं सूप बाजूला ठेवलं. आवाज चढला नाही. "तुह्या बापानं ठेचले तवा बी दुखेच जनावराले. म्या पाह्यलं हाय. पन ते चार मानसं बोलावत. साऱ्या गावासमोर ठेचत. कोनाले शिवी द्याची असन तर समोर देता ये." उठताना भिंतीला हात लावून उठली. "आठ वर्सं म्या त्या मेलेल्या मानसाची माफी मांगून राह्यली."

पुढचे सहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मधे सोमवार आला. तिनं सकाळीच तांब्याभर पाणी घेतलं, हे मला बायकोकडून कळलं. बायकोलाही मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "चिमट्याचं काही नाही. बुढी पडली, कोपर मोडलं, तरी तुमी गप्प. हे मले नाही जमत समजून घ्याले." मीही समजून घ्यायला सांगितलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जुवानं सोललेल्या खांद्याला तूप-हळद चोळायची. आमच्याकडं आता एकही जोडी नाही, ट्रॅक्टर बोलावतो. माय वाटीत तूप घेऊन बाहेर निघाली. मी मागं गेलो. ती पाराखाली बसलेल्या सांडाजवळ गेली आणि त्याच्या खांद्याला तूप चोळू लागली. त्या खांद्यावर कधी जू पडलं नव्हतं, केस शाबूत होते. म्हातारं जनावर डोळे मिटून बसलं.

मान वर न करता ती म्हणाली, "उद्या ह्याले पोयात घ्याचा."

"माय, पोयात देवाचा सांड नसते घेत. बैलच घेतात."

"मंग हा कोन हाय? सभेत तूच म्हनत होता, बैल मानूस करते. ह्याले बी तूच केला." पहिल्यांदा तिनं माझ्याकडं पाहिलं. "लोक इचारतीन. तू सांगजो. मी नाही सांगनार."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्याला धुतला, शिंगांना बेगड लावला, जुनी झूल शोधून पाठीवर टाकली. वेसण नव्हतीच, गळ्यात नवं दावं बांधलं. एका बाजूनं मी, एका बाजूनं माय. डफडं वाजत होतं. तोरणाखाली पंधरा-वीस जोड्या रांगेत उभ्या. आम्ही त्याला एकट्यालाच घेऊन रांगेत शिरलो तसं डफडं आधी हळू झालं आणि मग थांबलं.

"डाक्टर, याले काहून आनला?" माझा सोबती पुढच्या जोडीचा कासरा धरून उभा होता. "हा काय बैल हाय का?"

"हाय."

"कवापासून?"

"आठ वर्सं झाले. म्या चिमटा लावला. गावाले इचारलं नाही, कोनाले सांगतलं नाही. मायले बी नाही. तिच्याकडून त्याच्या डोक्यावर हात ठेवून घेतला आन् मांगून चिमटा लावला."

कोणीतरी आईवरून शिवी दिली. एका म्हाताऱ्यानं आपली जोडी आमच्या शेजारून काढून दूर नेली. दोघंतिघं अंगावर आले, त्यांना दुसऱ्यांनी धरलं. मी दावं सोडलं नाही. म्हणालो, "मारा पाह्यजे तर. पन सुईनं नासला असं आजपासून कोनी म्हनू नका, आन् ह्या बुढीकडं पाहू नका. चिमटा लावला याचं मले काहीच वाटत नाही. चोरून लावला, तेवढं माहं चुकलं."

सोबती जवळ आला. त्याचा चेहरा पडला होता. हळूच, फक्त मला ऐकू येईल असं त्यानं विचारलं, "माह्या गाई ह्याच्यानंच गाभडल्या होत्या का?"

इतकी वर्षं मी स्वतःला हो सांगत आलो होतो. "नक्की नाही सांगता येत," मी म्हणालो. "नमुना घेतला नव्हता. मले तसं वाटलं. नंतर थांबलं, एवढं खरं."

तो आपल्या जोडीकडं परत गेला. तोरण धरणारे पाटील ओरडले, "त्याले मांगं घ्या. सगळ्यात मांगं. निकाल नंतर लावू."

"मांगं घेऊ," माय म्हणाली. "पन नेऊ."

आम्ही रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिलो. डफडं पुन्हा सुरू झालं. एकेक जोडी तोरणाखालून जात होती, बाया ओवाळत होत्या. आमची पाळी यायला अजून बराच वेळ होता. ऊन तापलं होतं. मायनं सोबत आणलेला तांब्या तोंडाला लावला, दोन घोट पाणी प्यायली, आणि उरलेलं बैलाच्या तोंडासमोर धरलं.